जावा भिंतीवर जात नाही

माणसाच्या हातानं घडलेली कोणतीही वस्तू माणसाच्या हातानं पुन्हा जिवंत करता येते, असं माझं आयुष्यभराचं ठाम मत आहे. या मतापायी मी एकदा घरचा मिक्सर उघडला. तेव्हापासून आमच्याकडे चटणी खलबत्त्यात होते.

माझ्या मताची लाज राखली ती शेजारच्या उत्तराबाईंनी. परभणीत बत्तीस वर्षं गणित शिकवून त्या निवृत्त झाल्या आणि दुसऱ्याच दिवशी वडिलांची एकाहत्तर सालची जावा मोटारसायकल त्यांनी मागच्या खोलीत ओढून घेतली. गाडीत तेव्हा चिमण्यांचं एक घरटं होतं. बाकीचा गंज.

एकेक नट मसाल्याच्या डब्यात गेला, चिठ्ठी लावून. या गाडीच्या क्लचच्या प्लेटींना बुचाच्या चकत्या असतात, त्या तेलात मुरवाव्या लागतात. बाईंनी त्या लोणच्याच्या बरणीत मुरवल्या. एका पाहुण्यानं जेवताना झाकण उघडलं. तो नंतर आला नाही. कार्बोरेटरचं बारीक भोक त्यांनी झाडूच्या काडीनं साफ केलं. मी तार सुचवली, तर म्हणाल्या, "तारेनं भोक मोठं होतं अण्णा, मग गाडी पेट्रोल पिते." टाकीवरची सोनेरी रेघ त्यांनी ब्रशनं एका दमात ओढली. फळ्यावर नुसत्या हातानं वर्तुळ काढणारी बाई ती. मी श्वास रोखून बघत होतो, त्या गुणगुणत होत्या.

दोन वर्षं लागली. गाडी चालू झाली, फाटकापर्यंत गेली, परत आली. आणि त्याच आठवड्यात धाकटा भाऊ शंतनु पुण्याहून आला, गावातलाच एक टेम्पो ठरवून. वडिलांच्या गाडीवर त्याचाही हक्क. पुण्यातल्या एका हॉटेलवाल्याला ती भिंतीवर टांगायची होती.

"ताई, तू तरी शोभेलाच ठेवणार ना? तिथं चार लोक बघतील."

"शोभेला? पेडगावला जाऊन येते की हिच्यावर!"

"जाऊन आलीस तर तुझी. न्हाई तर टेम्पोत. आणि चालू मी करणार, तुझी जादू नको."

फाटक आणि कैक मैलांवरचं पेडगाव यांतलं अंतर बाईंना माहीत होतं.

शंतनु उजवीकडं वाकून किक शोधू लागला. मग खाली बसून शोधू लागला.

"किक बसवायची राहिली वाटतं तुझी."

"डावीकडं बघ. गिअरचाच दांडा आत दाबून वर घे. तीच किक."

त्यानं घेतली. सात किका मारल्या, शर्ट भिजला. "मेलीय ही. गोपाळ, फळी लाव टेम्पोला!"

"पेट्रोलचा कॉक उघडलास का?" बाईंनी विचारलं.

"आधी का न्हाई सांगितलंस?"

"पोराला आधी चुकू द्यायचं, मग लक्षात राहतं."

त्यांनी कॉक उघडला आणि पदर खोचून हलकीच एक किक मारली. गल्लीभर निळा धूर झाला आणि धुरातून बाईंचा आवाज आला, "बस मागं."

गेले. मी आणि टेम्पोवाला गोपाळ पायरीवर बसलो. तास झाला.

"काका, येतेत का न्हाई?"

"येतील."

"लय जुनी हाय पण."

"बाई त्याहून जुन्या आहेत," मी म्हणालो आणि मनातल्या मनात घाबरलो. आणखी अर्धा तास गेला. गोपाळनं फळी काढून ठेवली, पुन्हा लावली.

मग कोपऱ्यावरून तो आवाज आला. हँडलवर बाई, ताठ. मागं शंतनु, केसांत धूळ, दोन्ही हातांनी बहिणीचे खांदे धरून.

"पेडगावला थांबायलाच तयार न्हाई ही," तो उतरत म्हणाला. "पार पुढच्या फाट्यापर्यंत नेलं मला. लोक बघायलेत नुसते!"

मग त्यानं खिशातून फोन काढला. "हॅलो, भिंतीसाठी दुसरी बघा. न्हाई, पैशाचं न्हाई हो. ही चालू आहे."

बाईंनी टाकीवर हात ठेवला. मला काही तरी मोठं बोलायचं होतं. मानवी हात, चिकाटी, वगैरे. तोंड उघडलंच होतं.

"सगळ्यांना चहा टाकते," बाई म्हणाल्या. "अण्णा, तुमच्याकडची काडेपेटी द्या ना जरा. आमचा गॅसचा लायटर दोन महिने झाले, लागतच न्हाई."