पोचलेल्या मनीऑर्डरी

सुळा बसत नव्हता. मेणात कितीही दाबला तरी जरासा बाहेर, जरासा तिरका – म्हणजे उद्या ही कवळी लावून हसणारी बाई सदा कुणावर तरी गुरगुरतेय असं दिसणार... दिसू दे. असेल गुरगुरण्यासारखं काही तिच्या आयुष्यात. तिने सुरी स्पिरिटच्या दिव्यावर धरली, मेण पुन्हा मऊ केलं, दात उपटला, आणि तो बोटांत असतानाच दारातून आवाज आला, ‘‘ताई, आहात का?’’

ताई! ज्याला त्याला उठून ताई म्हणायची खोड असते काही माणसांना. दारात एक मध्यमवयीन, घामेजलेला माणूस उभा होता. तिने ओळखलं नाही, कारण खाकी कपड्यांशिवाय त्याला तिने कधी पाहिलं नव्हतं, आणि खाकीतही एक-दोनदाच, आईकडे गेली होती तेव्हा.

‘‘मी आईंच्या भागातला पोस्टमन.’’

अस्सं. म्हणजे हाच तो. सलग तीन मनीऑर्डरी गिळून ढेकर न देणारा. आता बदली नाही, दंड नाही, थेट घरीच बसवणार म्हटल्यावर आला पाय धरायला. तिने त्याला बस म्हटलं नाही. तो आपणहून प्लास्टरच्या पोत्याशेजारच्या स्टुलावर बसला, तेही तिला खुपलं.

‘‘जे काय बोलायचं ते चौकशीत बोला,’’ ती म्हणाली. ‘‘सोमवारी मी येणारच आहे.’’

‘‘म्हणूनच आधी आलो. ताई, पैसे मी दिले. तिन्ही वेळा. आईंच्या हातात.’’

‘‘आई म्हणते मिळाले नाहीत.’’

‘‘हो. तसं म्हणतात त्या.’’

काय निगरगट्ट माणूस! म्हातारीला खोटं पाडायला इतक्या लांब आला, भाडं खर्चून – कुणाचं भाडं, माझंच असेल – आणि आवाज बघा कसा, देवळात आल्यासारखा. तिने सुळा पुन्हा मेणात खोचला. आत लॅबचे मालक कुणाशी तरी फोनवर भांडत होते, त्यांनी बाहेर येऊ नये असं तिला वाटलं. तक्रारीचा अर्ज तिने तीनदा कच्चा लिहून मग पक्का केला होता. ‘सदर इसमाने एका वृद्ध व आजारी बाईच्या डोळ्यांत धूळ फेकून’ – हे वाक्य तिचं स्वतःचं होतं आणि ते लिहिताना तिला बरं वाटलं होतं, फार दिवसांनी इतकं बरं.

‘‘मग साक्षीदार कुठेय?’’ तिने विचारलं. आईचा हात कापतो, सही येत नाही, अंगठा घ्यावा लागतो. आणि अंगठा घेतला की पैसे घरी, साक्षीदारासमोर द्यायचे हा नियम तिने पोस्टात उभं राहून तिथल्या कारकुनाकडून वदवून घेतला होता.

त्याने कपाळावरचा घाम पुसला. मग म्हणाला, ‘‘तिथेच माझं चुकलं. आई घरी घ्यायच्याच नाहीत. औषधांच्या दुकानापाशी येऊन उभ्या राहायच्या, म्हणायच्या इथेच दे, घरी सून बघते. मी दिले. साक्षीदाराची सही नंतर ऑफिसात सोबतच्याकडून मारून घेतली. सगळेच करतात तसं. म्हणजे... करू नये, पण करतात.’’

‘‘छान. म्हणजे खोटी सही केलीत हे कबूल.’’

‘‘ती कबूल. पैसे खाल्ले हे नाही.’’

धाकट्या भावाच्या बायकोपासून लपवायचे, हे तिला पटण्यासारखं होतं, आणि पटलं म्हणूनच तिला राग आला. ती बया पाण्यातली मासोळीसुद्धा मोजून ठेवेल. पण मग धाकट्याने ‘ताई, पैसे आले नाहीत, आईची औषधं अडलीत’ म्हणून फोन केला तेव्हा आई मागून ‘नाही गं आले’ म्हणत होती, ते? औषधांचे पैसे तिने पुन्हा पाठवले, धाकट्याच्या नावावर. आणि पहिले? म्हातारीने गादीत शिवले की काय?

‘‘मग गेले कुठे?’’

तो तिच्याकडे न बघता बोलला. ‘‘आई मोजून घ्यायच्या आणि परत माझ्याच हातात द्यायच्या. म्हणायच्या, आता हे इकडे लाव. पत्ता तोंडपाठ. फॉर्म मीच भरायचो, त्यांच्या सांगण्यावरून. तुमच्या थोरल्या भावाच्या नावावर.’’

थोरला.

मेण घट्ट झालं होतं. घराच्या भिंतीवरून ज्याचा फोटो तिने स्वतःच्या हाताने उतरवला तो थोरला. बाबांच्या ऑपरेशनसाठी तिने याच टेबलाशी बसून, परक्या लोकांच्या तोंडांचे साचे घासून घासून साठवलेले पैसे ‘भरून येतो’ म्हणून घेऊन गेला तो – आणि बाबा खाटेवर पडून दाराकडे बघत राहिले, त्यांना वाटत होतं रांग असेल मोठी. तेव्हा तिने आईला बजावलं होतं, यापुढे त्याला एक छदाम गेला तर माझं तोंड बघायचं नाही. आई रडली होती. हो म्हणाली होती. माझ्या डोक्यावर हात ठेवून हो म्हणाली होती!

‘‘खोटं,’’ ती म्हणाली. ‘‘नाव कुठूनही कळतं. गल्लीत कुणीही सांगेल.’’

‘‘फॉर्मवर खाली दोन ओळी लिहायला जागा असते ना...’’ तो अडखळला. ‘‘तिथे त्यांनी लिहायला सांगितलं होतं. ‘हे माझे आहेत. तिचे नाहीत. बिनघोर घे.’ दर वेळी तेच.’’

तिचे नाहीत.

हे या माणसाला सुचणार नाही. हे कुणालाच सुचणार नाही, आईशिवाय. तिला आईचा आवाज जसाच्या तसा ऐकू आला, तो खालच्या पट्टीतला, थोरल्याला तूप वाढताना असायचा तो. तिचे नाहीत... मग कुणाचे गं? कुणाची नखं झिजली? कमरेचा काटा ढिला झाला तो कुणाचा? इतकी वर्षं मी स्वतः त्याच दोन ओळींच्या जागेत ‘पोचल्याचं कळव’ एवढंच लिहीत आले, आणि ते तरी कुठे कळवलंस.

‘‘चौकशीत सांगा की मग हे सगळं,’’ ती म्हणाली.

‘‘आई नाही म्हणतील. फॉर्म माझ्या अक्षरातला, अंगठा फिसकटलेला. तुमचे भाऊ कशाला कबूल करतील? वर ती खोटी सही. तुम्ही एवढंच लिहून द्या की पैसे पोचले, गैरसमज झाला. कुणाचं नाव निघणार नाही. सहीची शिक्षा मी भोगीन. पण चोर म्हणून घरी बसलो तर...’’ तो उठला. ‘‘पोरीचं लग्न ठरत आलंय, ताई.’’

‘‘मी कुणाची ताई नाही. या आता.’’

तो गेला. जाताना दार हळू ओढून घेतलं, याचाही तिला संताप आला.

तिने हात पुसून आईला फोन लावला. विचारायचं ठरवलं होतं. शब्दही ठरवले होते, एकेक, टोचतील असे.

‘‘आई, ती तिसरी तरी मिळाली का गं शेवटी?’’

‘‘नाही गं बाई,’’ आई म्हणाली. जराही थांबली नाही. ‘‘कुठली मिळतेय! त्या मेल्याला सोडू नकोस हां तू. गरिबाचे पैसे खातो, हात झडतील त्याचे.’’

आईला राग आला होता. खराखुरा, दम लागण्याइतका. जन्मभर जिने शेजारणीलासुद्धा उलट उत्तर दिलं नाही, बाबांपुढे मान वर केली नाही, जिला मी गरीब गाय समजून पोसत आले, ती एका परक्या माणसाची भाकरी मोडायला निघाली होती – थोरल्यासाठी. आणि तिच्या मनात आलं ते अर्जाचं नव्हतं, पोस्टमनचं तर नव्हतंच. माझ्यासाठी हिने असं कुणाचं वाटोळं केलं असतं का? एकदा तरी?

‘‘ऐकतेयस ना?’’ आई म्हणाली.

‘‘ऐकतेय.’’

तिने फोन ठेवला. आतलं भांडण संपवून मालक बाहेर आले, स्टुलाकडे बघून म्हणाले, ‘‘कोण आलं होतं?’’

‘‘तो पोस्टमन.’’

‘‘तो मनीऑर्डरवाला? काय म्हणतोय? दिले म्हणतोय का पैसे?’’

आता एक शब्द पुरे होता. हो म्हटलं की झालं – मग अर्ज मागे, मग आई, मग तिला विचारावं लागणार, आणि ती रडणार, आणि रडत रडतसुद्धा त्याचीच बाजू घेणार.

‘‘छे हो,’’ ती म्हणाली. ‘‘खाल्ले त्याने. तोंडावरच दिसतं.’’

जराही थांबावं लागलं नाही. मालक ‘जमानाच तसला’ म्हणत पुन्हा आत गेले, आणि ती तिथेच उभी राहून, आपण हे किती सहज बोललो, अगदी आईसारखं, याचं नवल करत राहिली. सोमवार अजून यायचा होता. आणि सोमवारी आई काय बोलेल यापेक्षा आपणच काय बोलून बसू, याचं आता तिला भय वाटत होतं.