वस्तीची पेटी

साठ सालच्या दसऱ्याला अकोल्याच्या एका नाट्यमंडळानं आपल्याच हातानं आपली फजिती करून घेतली. मुंबईच्या एका नाट्यसंस्थेचे एक परीक्षक तरुण पेटीवादकांची चाचणी घ्यायला येणार होते. ज्याची निवड होईल त्याला वर्षभर मुंबईत शिक्षण, आणि पुढं नाटकांना साथ करायचं काम. केवढी मोठी गोष्ट! मंडळाचे चिटणीस खुशालराव यांनी दिवस शुभ म्हणून दसराच धरला. खंडेनवमीला मंडळाच्या दोन्ही पेट्यांवर हळदकुंकू पडलं, झेंडूच्या माळा चढल्या, तेव्हा कुठं त्यांच्या डोक्यात उजेड पडला. पूजेत बसलेलं वाद्य सोनं लुटून होईपर्यंत कोणी वाजवत नाही. पोरांच्या घरच्या पेट्याही पूजेतच. आता काय पाट वाजवणार होते?

मग त्यांना मनकर्णा आठवली. बौद्ध वस्तीतल्या गाण्यांच्या फडाची ती मुख्य गाणारी, आणि तिची सतरा वर्षांची शालू वस्तीच्या वर्गणीची पेटी वाजवायची. श्रावणात हीच मनकर्णा चाचणीसाठी शालूचं नाव द्यायला मंडळाच्या पायरीवर गेली होती. "मुलींची सोय नाही," म्हणून खुशालरावांनी तिला पायरीवरूनच वाटेला लावलं होतं. आता तेच तिच्या दारात उभे, तेही हसत!

"मनकर्णाबाई, उद्या दुपारपुरती पेटी पाहिजे होती. तुमची काही पूजेत नसते ना."

"नाई नसत. चार वर्सं झाले पूजा सोडून. उद्या आमचा दीक्षेचा दिवस हाय, संध्याकाळी गाने हायेत."

"त्याच्या आत परत आणून देतो."

मनकर्णेला वाटलं, दार लावून घ्यावं याच्या तोंडावर. पण शालू आतून कान देऊन ऐकत होती. वर्षभर ती या चाचणीसाठी झिजली होती.

"शालूले वाजवू द्यान तं पेटी येईन," मनकर्णा म्हणाली.

खुशालरावांनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. "बरं, येऊ द्या तिला."

दसऱ्याच्या दुपारी मायलेकी पेटी घेऊन हॉलवर गेल्या. खुशालरावांनी पेटी मधोमध ठेवून घेतली आणि या दोघींना कोपरा दाखवला. एक पोरगा वाजवून गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. चौथ्याच्या वेळी पेटीची एक पट्टी अडकली. शालू उठली, बोटानं हळूच पट्टी मोकळी केली, पुन्हा कोपऱ्यात जाऊन बसली. तुझं नाव काय, म्हणून कोणी विचारलंसुद्धा नाही. परीक्षक एकसारखे घड्याळाकडं पाहत होते, त्यांना मुंबईची गाडी धरायची होती. खुशालराव पुढच्या पोराला खुणावत होते. मनकर्णेच्या तळपायाची आग मस्तकात चालली होती, पण ती ओठ दाबून बसली.

तेवढ्यात परीक्षक शालूकडं वळून म्हणाले, "बाळ, जरा पाणी देतेस?"

शालू उठली. माठाजवळ पोचली. आणि खुशालराव असे धावले, जसं काही घराला आग लागली!

"तू नको! तू बस, तू बस. अरे रामराव, साहेबांना पाणी!"

हॉलमध्ये सगळ्यांना कळलं. परीक्षकांनाही कळलं. त्यांनी मान खाली घातली, आणि रामरावांनी आणलेलं पाणी मुकाट्यानं पिऊन टाकलं.

शालू हात तसाच धरून माठापाशी उभी. ते पाहून मनकर्णा उठली. वाजवणाऱ्या पोराच्या हाताखालून तिनं भाता दाबला, झाकण लावलं, पेटी उचलली.

"पेटी चालते न् पानी नाई चालत? लाजा कशा नाई वाटत रे तुमाले!"

"अहो बाई, चाचणी सुरू आहे! पोरांचं आयुष्य आहे हे!" खुशालराव ओरडले.

"अन् हे कोन हाय? पोरगी नोय? हेयी वाजवाले आली ना! काढा तुमच्या पेट्या पूजेतून, अन् घ्या चाचनी!"

पेट्यांना हात लावायला कोण पुढं येतं! मायलेकी बाहेर पडल्या. मागून चपला ओढत परीक्षक आले. "बाई, थांबा. मला हिला ऐकायचंय."

मनकर्णेनं रस्त्यावरच, कडुनिंबाखाली पेटी टेकवली. तिचा राग उतरला नव्हता, पण लेकीचा घास तिला रागापायी सांडायचा नव्हता. शालू पेटीपुढं बसली. पहिले सूर चाचपडले, मग तिनं भाता असा ओढला, की टांगेवालेही बोलायचे थांबले. परीक्षकांनी तिला मध्ये थांबवलं नाही. गाडीची वेळ होत आली तरी उभे राहिले.

"निवड हिचीच," ते म्हणाले. "जूनमध्ये मुंबईला पाठवा. राहण्याची सोय मी करतो."

शालूला रडू फुटलं. मनकर्णा मात्र त्यांच्या तोंडाकडं पाहतच होती.

"पाठवीन. तिच्या हातानं मिळवलं तिनं. पन साहेब, तिले पान्यावरून उठवलं, तवा तुमाले समजलं होतं ना?"

"समजलं होतं."

"मंग?"

परीक्षकांनी टांग्याकडं पाहिलं. टांगेवाला घाई करत होता.

"आज मुके रायले ते रायले," मनकर्णा म्हणाली, "पन तिथं बोलजा. नाई तं माह्या पोरीले मुंबईतयी कोपऱ्यातच बसा लागन."