गुणिले की भागिले

निवृत्त झाले तरी शेजारीपाजारी त्यांना सरच म्हणत, आणि खरं सांगायचं तर सरांनाही ते आवडायचं. विज्ञान शिकवण्यात उभा जन्म गेला होता. त्यामुळे मुलाबरोबर बाहेरगावी निघताना सूनबाई माशांच्या टाकीजवळ घुटमळली, तेव्हा सरांनी तिला वाक्यही पुरं करू दिलं नाही.

"पांढऱ्या माशाच्या अंगावर ठिपके दिसतायत, बाबा. औषध आणलंय, पण बाटली परदेशी आहे, माप गॅलनमध्ये..."

"अगं, लिटरचे गॅलन करणं म्हणजे माझ्या डाव्या हाताचा मळ! तू निर्धास्त जा."

ती गेल्यावर सरांनी पट्टी घेऊन टाकीची लांबी, रुंदी, उंची मोजली. एकशेवीस लिटर पाणी. एक गॅलन म्हणजे पावणेचार लिटरच्या वर थोडं, हे तोंडपाठच होतं. केला गुणाकार. साडेचारशे गॅलन! दर दहा गॅलनला एक झाकण औषध, म्हणजे पंचेचाळीस झाकणं. एवढं ओतल्यावर बाटलीत जेमतेम तळ उरला. 'वा! बाटली जणू आपल्याच टाकीसाठी बनवलीय,' म्हणत सर स्वतःवरच खूश झाले.

औषध निळं होतं. टाकी शाईच्या दौतीसारखी दिसू लागली. तेवढ्यात सरांच्या पत्नी, ज्यांना सगळे बाईच म्हणत, चहा घेऊन आल्या.

"अहो, मासे कुठे गेले?"

"आत आहेत. औषध गडदच असतं."

"किती घातलंत?"

"मापात. साडेचारशे गॅलनला लागतं तेवढं."

बाईंनी चहा टेबलावर ठेवला. "गॅलन मोठा की लिटर?"

"गॅलन मोठा. एका गॅलनमध्ये जवळजवळ चार लि..." सरांनी बाटली पुन्हा हातात घेतली. गॅलन मोठा, तर आकडा लहान यायला हवा होता. भागायचं ते त्यांनी गुणलं होतं. तीन झाकणं पुरली असती! आणि 'उत्तर आलं की आधी त्याच्या तोंडाकडे बघा, मग वहीत लिहा,' असं पोरांना बजावण्यात ज्यांनी घसा कोरडा केला, ते हेच सर! एरवी या चुकीला त्यांनी पोराला बाकावर उभं केलं असतं.

आता लाजायलाही सवड नव्हती. न्हाणीघरातल्या पिंपात साठवलेलं पाणी होतं. बाईंनी ते बादलीत घेतलं आणि सरांनी जाळीने एकेक मासा त्यात सोडला. पांढरा मासा आडवा होऊन पडला होता. मग टाकी रिकामी करायला त्यांनी रबरी नळी लावली आणि पाणी यावं म्हणून तोंडाने हवा ओढली, ती जरा जास्तच ओढली आणि निळं पाणी थेट तोंडात आलं. थुंकून थुंकून तोंड धुतलं, पण ओठ आणि जीभ निळीच राहिली.

बाईंनी पदर तोंडाला लावला. "हसू नका," सर म्हणाले, आणि आरशात पाहून स्वतःच फसकन हसले. शंकराने विष घशात ठेवलं होतं, यांना तेही जमलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलगा-सून परतली. सुनेची नजर आधी सरांच्या ओठांवर गेली, मग टाकीवर. स्वच्छ पाण्यात मासे फिरत होते, पांढरा जरा मलूल होता. काचेच्या कडांना निळी रेघ होती. तिने विचारायच्या आतच सरांनी सगळं सांगून टाकलं.

मुलाला बापाची दया आली. "बाबा, गॅलनसुद्धा दोन प्रकारचे असतात ना? एक मोठा, एक लहान. तिथेच घोळ झाला असेल."

किती छान वाट होती! सरांचा पाय क्षणभर तिकडे वळलाही. "नाही रे," ते शेवटी म्हणाले, "त्याने फार तर अर्धं झाकण इकडेतिकडे झालं असतं. मी सरळ उलटं गणित केलं."

सून टाकीपाशी ओणवी झाली. सरांना वाटलं, आता बोलणार. तिने पाण्यात चिमूटभर दाणे टाकले. पांढरा मासा हळूच वर आला आणि त्याने एक दाणा गिळला.

"खातोय," ती म्हणाली. मग वळून, हसू दाबत, "बाबा, बसा जरा. लिंबू आणि मीठ आणते. जीभ तरी घासून बघू."