दारातली फांदी

मधवाल्या म्हाताऱ्याला लेकीनं आपल्या घरी आणलं खरं, पण हे त्याच्या पायांना कुणी सांगितलंच नव्हतं. रोज संध्याकाळी ते त्याला दोन गल्ल्या पलीकडच्या जुन्या घराच्या फाटकाशी नेऊन उभं करत. बायको गेली आणि मागोमाग घरही विकलं गेलं. तरी तिथल्या स्वयंपाकघरात दिवा लागला की त्याला वाटे, आता आतून आवाज येणार, "आलात एकदाचे!" आवाज यायचा नाही. खिडकीतून कुणाचं तरी पोर जीभ काढून दाखवायचं, मग तो माघारी फिरायचा.

"बाबा, ते लोक वैतागलेत हो," लेक म्हणाली. "त्यांना वाटतं तुम्ही वाट चुकता."

"वाट कसली चुकतोय? डोळे मिटून जाईन."

"तेच तर ना!"

अंगणातली मधमाश्यांची पेटी तेवढी तिकडे राहिली होती. तीही जावयानं एका संध्याकाळी उचलून आणली. दुसऱ्या दिवशी नव्या मालकाचा फोन आला. पेटी नेली, पण माश्या पुन्हा तिथंच येऊन रिकाम्या जागेवर बसल्या होत्या.

"कमाल आहे!" जावई म्हणाला. "नवं घर एवढं जवळ, तरी?"

"जवळ आहे म्हणूनच. ओळखीची झाडं दिसली की जुनंच घर गाठतात." म्हातारा म्हणाला. निदान माश्यांना तरी त्याचं दुःख कळत होतं. पण उघड्यावर राहिल्या तर थंडीनं मरतील, हेही त्याला ठाऊक होतं.

तो तिकडे गेला, त्यांना हलक्या हातानं टोपलीत गोळा करून घेऊन आला आणि त्यानं त्यांना पेटीत सोडलं. मग एक पानांची फांदी तोडून पेटीच्या तोंडावर लावली.

"दार का अडवलंत?" लेकीनं लांबूनच विचारलं.

"अडवलं नाही गं, आडवी घातलीय नुसती. वाट मोकळी मिळाली की माशी सवयीनं सुसाट सुटते, मागे वळूनही बघत नाही. काही आडवं आलं की थबकते. मग दारापुढं घिरट्या घालून घर नीट बघून घेते."

"आणि फांदी काढायची कधी?"

"घाई करायची नाही. थोडे दिवस लागतात."

लेक गप्प बसली. हे गप्प बसणं आईकडून आलेलं होतं, त्यात हमखास काहीतरी शिजत असे. इतक्या वर्षांच्या संसारानंतर म्हाताऱ्याला ते ओळखू यायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यानं चपला घातल्या, दार उघडलं आणि थेट पानांत तोंड घातलं. चौकटीला ही भली मोठी फांदी आडवी बांधलेली!

"कुठल्या गाढवानं हे..." म्हणत तो वळला, आणि त्याला घर दिसलं. खिडकीशी त्याची खुर्ची होती. खुर्चीच्या पाठीवर बायकोची जांभळी शाल होती. ती तिथं कधीपासून होती कोण जाणे. कमरेवर हात ठेवून लेक उभी होती, अगदी आपल्या आईसारखी.

"आलात एकदाचे!" लेक म्हणाली.

बायकोची आठवण दाटून आली. तो खुर्चीत बसला आणि शाल मांडीवर घेऊन मनसोक्त रडला.

तेवढ्यात कामावरून आलेला जावई वाकून, चरफडत आत शिरला आणि फांदी सोडायला लागला.

"राहू दे," म्हातारा डोळे पुसत म्हणाला. "अजून थोडे दिवस लागतील."