कडेच्या खुणा

“चौतीस,” मास्तर म्हणाली आणि भावाने वहीत चौतीस लिहिले.

टेपवर अडतीस होते. पोस्टातल्या बाईंना ते दिसले नाही, कारण टेप वाचताना मास्तर अंगठा नेमका आकड्यावर ठेवत असे. बाकावर बसलेल्या दोघा गिऱ्हाइकांनीही चौतीसच ऐकले. पोस्टातल्या बाईंनी मघापासून आत ओढून धरलेले पोट सैल सोडले आणि त्या खुशीत हसल्या. भावाने आकड्याच्या कडेला पेन्सिलीने शिवणीतल्यासारखी बारीक टीप काढली, एकीला एक लागून तीन रेघा. टीप म्हणजे कापताना चार वाढवायचे.

ही पद्धत बाबांची. दुकान एका खोलीचे. माप घ्यायच्या जागेला पडदा होता, पण पडद्याने दिसायचे थांबते, ऐकू यायचे थांबत नाही. म्हणून या दुकानात कोणाचेही खरे माप मोठ्याने बोलायचे नाही, असे बाबांनी पहिल्याच वर्षी ठरवून टाकले. टेप धरणाऱ्याने कमी सांगायचे, लिहिणाऱ्याने कमी लिहायचे आणि कडेला टाका काढायचा. धावदोरा म्हणजे दोन, टीप म्हणजे चार, साखळी म्हणजे सहा. त्यामुळे बाबा होते तोवरच्या तीस वर्षांत त्या दुकानात कोणाची कंबर म्हणून वाढली नाही. बाया लांबून लांबून येत, त्याला शिवणीइतकेच हेही कारण असावे.

बाबा गेले आणि टेप तिच्या गळ्यात आली. लोक बाबांना मास्तर म्हणत, तिलाही मास्तरच म्हणू लागले. धाकटा भाऊ कापड कापायचा आणि वही सांभाळायचा. तो तेवढा तिला ताई म्हणे.

पोस्टातल्या बाई गेल्या, मागोमाग ती दोघेही आपापले कपडे घेऊन गेली. तेव्हा भावाने खणातला कागद पुन्हा बाहेर काढला. आठवड्याभरात त्याच्या घड्या झिजून गेल्या होत्या.

“उद्या येणार ते, ताई.”

“माहीत आहे रे. किती वेळा वाचशील?”

कागद सरकारी होता. नव्या कायद्याप्रमाणे शिंपी, बूट शिवणारे, व्यायामशाळावाले, ज्यांच्याकडे म्हणून माणसांच्या अंगाची मापे आहेत, त्या सगळ्यांनी ती जमा करायची होती. कॅमेरे चौकाचौकांत लागलेच होते. पण लोक तोंडाला रुमाल बांधत, टोप्या घालत आणि यंत्राची पंचाईत होई. म्हणून आता यंत्र माणसाला त्याच्या अंगाच्या ठेवणीवरून ओळखणार होते. समोरच्या चौकातल्या फलकावर मोठ्या अक्षरात लिहिले होते, ‘चेहरा लपवता येतो, खांदे नाहीत.’

वह्या चार होत्या, माणसे दोनशे चाळीस. भावाने तीन दिवस बसून प्रत्येकाचे पूर्ण नाव आणि ओळख क्रमांक यांची यादी भरली होती. तपासणीला एका गिऱ्हाइकाला बोलावून त्याचे माप पुन्हा घेणार आणि वहीशी ताडून पाहणार. आकडे खोटे निघाले तर परवाना रद्द आणि दोन वर्षे कैद.

“माझं ऐक,” भाऊ म्हणाला. “त्यांनी माप ताडायला घेतलं की खुणांचा अर्थ आपण होऊन सांगून टाक. आपण काही चोऱ्या केलेल्या नाहीत. ज्याने काही केलंच नाही, त्याला कसली भीती?”

“मीही काही केलेलं नाही,” दारातून आवाज आला. “तरी कपडे घालतेच की नाही?”

शाळेतल्या गणिताच्या बाई होत्या. कोट घालून बघायला आल्या होत्या. आत येऊन बाकावर बसल्या आणि त्यांनी पर्समधून फोन काढून मास्तरपुढे धरला. उद्या अकरा वाजता तपासणीसाठी या दुकानात हजर राहावे, असा निरोप होता. दोनशे चाळिसांतून यंत्राने नेमके त्यांचे नाव काढले होते.

भावाची मान खाली गेली. बाईंच्या नावापुढे टीप नव्हती, साखळीही नव्हती. काज होते. काज म्हणजे वाढवायचे काही नाही. इथे काहीतरी आहे जे लिहिलेले नाही, ते लक्षात ठेवायचे. चारही वह्यांत मिळून अशी अकराच माणसे होती. सहा वर्षांपूर्वी बाईंचे छातीचे ऑपरेशन झाले, तेव्हापासून डाव्या बाजूच्या अस्तरात मास्तर स्वतःच्या हाताने भर शिवून द्यायची. शाळेत कोणाला ते ठाऊक नव्हते. दूरदेशी असलेल्या मुलीलाही नाही. वहीत डावी बाजू नऊ, उजवी बाजू नऊ असे लिहिलेले होते.

“माझं शरीर आहे, मास्तर,” बाई हळू म्हणाल्या. “त्यात काय आहे, काय नाही, हे कोणाला सांगायचं ते मी ठरवीन. इतकंच आहे माझं म्हणणं. फार मोठं आहे का?”

“नाही हो बाई.”

बाई गेल्यावर भावाने हातातला खडू खाली ठेवला.

“मला कळत नाही असं नाही,” तो म्हणाला. “पण माझ्या दोन पोरींना काय सांगू? आत्या तुरुंगात गेली, कारण तिला गावाच्या कमरा झाकायच्या होत्या? आणि दुसरं, आपल्या खोट्या आकड्यांवरून उद्या यंत्राने भलत्यालाच धरलं तर? त्याचं पाप कोणाच्या माथी?”

मास्तरने बाबांची कात्री उचलली, पुसली, परत जागेवर ठेवली.

“विचारलं तर सांगेन,” ती म्हणाली. “खुणांचंही सांगेन. झालं समाधान?”

भावाचे झाले. तिचे झाले नव्हते.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, अकराला दोन मिनिटे कमी असताना दोघे आत आले. पुढे साहेब, मागे हातात टॅब घेतलेला एक चटपटीत सहायक. मास्तरने साहेबांचा चेहरा नंतर पाहिला, आधी कोट ओळखला. करड्या रंगाचा, चार वर्षांपूर्वीचा, तिच्याच हातचा. उजव्या खांद्यात आत तीन थरांची भर होती.

हा मुलगा दहा वर्षांचा असताना आई त्याला घेऊन आली होती. उजवा खांदा जन्मापासून उतरता. ‘वर्गात दिसणार नाही असं काही करता येईल का हो?’ एवढेच तिने विचारले होते. बाबांनी ‘बघू की’ म्हणून त्याला आरशासमोर उभे केले आणि स्वतः त्याच्या पाठीशी असे उभे राहिले, की बाकावरच्या कोणाला त्याची पाठ दिसू नये. पुढे तो दरवर्षी येत राहिला. नोकरी लागल्यापासून मात्र फिरकला नव्हता.

आज त्याने ओळख दाखवली नाही. मास्तरनेही दाखवली नाही.

“नमुना हजर आहे का?” सहायकाने विचारले.

गणिताच्या बाई बाकावरून उठल्या. शेजारी आणखी दोघे बसलेले होते. कपडे न्यायला आलेले, पण आता मजा बघत थांबलेले.

“बाई, पडद्याआड जा. माप ह्याच घेतील, फक्त आकडे मोठ्याने सांगायचे. मला इथे भरायचेत.”

“मी माप देणार नाही,” बाई म्हणाल्या.

“अहो, दोन मिनिटांचं काम आहे.”

“असेल. मी देणार नाही.”

कोटाचे वरचे बटण त्यांनी मुठीत घट्ट धरले होते. नकाराची नोंद होईल, पुढे चौकशी लागेल, असे साहेबांनी समजावून सांगितले. लागू दे, असे बाई म्हणाल्या.

सहायकाला अजून चार दुकाने उरकायची होती. त्याने वैतागून टॅबवर यादी वरखाली केली आणि एकदम त्याचा चेहरा उजळला.

“अरे! साहेब, तुमचंही नाव आहे की यात. मग प्रश्नच मिटला. बाईंचा नकार नोंदवू, आणि नमुना म्हणून तुमचंच माप घेऊ. हजर गिऱ्हाईक कोणीही चालतं, नियमातच आहे.”

साहेबांचे कान लाल झाले. “माझं फार जुनं आहे ते.”

“जुनंच तर ताडायचंय! कोट काढावा लागेल फक्त.”

बाकावरचे दोघे हसले. सहायकाने काही वाईट हेतूने म्हटले नव्हते, त्याला खरोखरच आपली हुशारी वाटत होती. आता नाही म्हणायला साहेबांना तोंड उरले नाही. त्यांनी सावकाश बटणे सोडली आणि कोट काढून खुर्चीच्या पाठीवर ठेवला. नुसत्या शर्टात ते एकदम लहान दिसू लागले.

मास्तर पुढे झाली आणि काही न ठरवताच त्यांच्या मागे, बाक आणि टॅब या दोन्हींच्या आड येईल अशी उभी राहिली.

“छाती चाळीस.”

“वहीत चाळीस,” सहायकाने समोर उघडलेल्या वहीतून वाचले.

“कंबर पस्तीस.”

“वहीत चौतीस. चालतं साहेब, दोन इंचांची सूट आहे,” सहायक हसून म्हणाला. “आता खांदा ते कंबर. डावा वेगळा, उजवा वेगळा. सगळं याच्यावर आहे. डाव्याउजव्यात फरक असला की यंत्र लाखात माणूस हेरतं. इथे सूट नाही.”

डावा खांदा सतरा. तिने सतरा सांगितले.

मग तिने टेप उजव्या खांद्यावर ठेवली. साडेपंधरा. भावाने मान वर केली. त्याच्या डोळ्यांत स्पष्ट होते की आता सांग, ताई. तिलाही सांगायचे होते. सकाळपासून ती वाक्य घोळवत होती, साहेब, या वहीची एक पद्धत आहे. वाक्य जिभेवर आलेही. पण हाताखालचा तो खांदा आखडला होता, दहा वर्षांच्या मुलाचा आखडायचा तसाच. तिला त्याची दया आली, रागही आला, आणि या दोन्हींच्या आधी अंगठा आपणहून आकड्यावर जाऊन बसला होता.

“सतरा,” मास्तर म्हणाली.

तोंडातून गेल्यावर तिला कळले आपण काय केले ते. तिने आरशात पाहिले. साहेब आरशातून तिच्याकडेच पाहत होते. आपला उजवा खांदा किती आहे, हे त्या खोलीत त्यांच्याइतके कोणालाच पाठ नव्हते.

“सतरा, सतरा,” सहायकाने बोट नाचवले. “वहीतही तेच. जुळलं! फक्त या कडेला खुणा कसल्या? सगळ्या पानांवर आहेत. तुमच्या नावापुढेही आहे साहेब, काजासारखं काहीतरी.”

भावाने पेन्सिल खाली ठेवली आणि घसा साफ केला.

“त्याचं असं आहे साहेब,” तो म्हणाला, “आमच्या बाबांची...”

“शोभेच्या आहेत,” साहेब म्हणाले.

त्यांचा एक हात कोटाच्या बाहीत होता. दुसरा हात घालून त्यांनी कोट झटकला. उजवा खांदा भरीवर नीट बसला आणि आरशातला माणूस पुन्हा सरळ झाला.

“शेऱ्यात लिही. कडेच्या खुणा शोभेच्या. माप ताडले, बरोबर आढळले.”

“असंच लिहू?”

“असंच.”

त्यांनी टॅबवर सही केली. सहायकाने चारही वह्या पिशवीत भरून वर शिक्का मारला आणि तो पुढच्या दुकानाचा पत्ता शोधत बाहेर पडला. साहेब दारापाशी थांबले.

“अस्तर विरलंय याचं. पुढच्या आठवड्यात नवा शिवायला टाकीन म्हणतो.”

“टाका की,” मास्तर म्हणाली.

“माप पुन्हा घ्यावं लागेल साहेब,” भाऊ सवयीने बोलून गेला. “वह्या तर तुम्ही...”

“मास्तरांना पाठ आहे,” साहेब म्हणाले, आणि बाईंच्या नकाराची नोंद आपल्याकडेच येईल, मग बघू, असे काहीसे पुटपुटत पायऱ्या उतरले.

मजा संपली तसे बाकावरचे दोघे आपले कपडे मागू लागले. मास्तरने त्यांना पाच मिनिटे थांबायला सांगितले आणि गणिताच्या बाईंना पडदा दाखवला. बाईंनी बटणावरची मूठ सोडली. बोटांवर बटणाचा गोल वळ उठला होता.

भावाने कपाटातून कोरी वही काढली. ताईकडे न पाहता त्याने पेन्सिलीला टोक केले, पहिल्या पानावर उभ्या रेघा आखल्या आणि वाट पाहत बसला. तो रागावला असेल तर त्याचा हक्कच होता, असे मास्तरला पडद्याआड वाटत होते.

“डावी बाजू नऊ,” ती आतून म्हणाली.

“नऊ.”

“उजवी बाजू नऊ.”

“नऊ,” भाऊ मोठ्याने म्हणाला. बाकावरच्या दोघांनाही नीट ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. आणि ताईने काही सांगायच्या आत त्याने कडेला एक बारीक काज काढले.