दोन्ही बाजू सारख्या

डॉक्टरांचा देवावर विश्वास नव्हता. पण देवाच्या कामात ढिलाई आहे, यावर मात्र पक्का होता. माणसाचा चेहराच घ्या, ते म्हणत. कपाळावरून सरळ दोरी सोडली तर डावी बाजू उजवीशी कधी जुळत नाही. एक भुवई वर, एक खाली. एक गाल भरलेला, दुसरा बसलेला. "शिंप्यानं असा सदरा शिवून दिला तर घ्याल का तुम्ही?" असं ते व्याख्यानात विचारत, आणि समोरचे लोक आपापले गाल चाचपू लागत.

स्वतः डॉक्टरांचा चेहरा जन्मतःच बराचसा बिनचूक होता. उरलंसुरलं त्यांनी इंजेक्शनने पुरं करून घेतलं होतं. हे इंजेक्शन म्हणजे त्यांच्या आयुष्याची कमाई. चेहऱ्याच्या स्नायूंत नेमक्या जागी टोचलं की दुबळी बाजू सबळ बाजूच्या बरोबरीला येऊन बसायची आणि कायमची तिथेच राहायची. "एकदा झालेला परिणाम उलटत नाही," हे वाक्य ते अशा थाटात म्हणत, की ऐकणाऱ्याने टाळी द्यायची की घाबरायचं हे त्याला कळू नये.

अशा माणसाच्या घरात दिव्याखाली अंधार होता. बायकोचं तोंड वाकडं होतं.

तिला घरीदारी सगळे चिमणीच म्हणत. चिमणीचं तोंड बोलताना डावीकडे ओढलं जाई. हसू डाव्या कोपऱ्यातून निघे आणि उजव्या कोपऱ्यात पोचेपर्यंत विनोद शिळा झालेला असे. लग्नाआधी डॉक्टर ह्याच हसण्यावर भाळले होते. पण प्रेमात पडलेला माणूस वेगळा आणि संशोधनाला अनुदान मिळालेला माणूस वेगळा.

"माझ्या तोंडाला हात लावायचा नाही," चिमणी सांगे. "ते माझं एकटीचं नाही. बाबांचे कान आहेत ते."

आणि ते खरंच होतं. चिमणीचे वडील कारखान्यात बॉयलरवर कामाला होते. चिमणी पहिलीत असताना एका दुपारी बॉयलर फुटला. बाबा वाचले, पण त्यांचे कान गेले ते गेलेच. मग ही एवढीशी पोर त्यांच्यासमोर पाट टाकून बसे आणि त्यांना कळेपर्यंत एकेक शब्द बोलत राही. बाबा तिच्या ओठांवरून वाचायला शिकले. ती डावी ओढ, तो आधी खाली येणारा कोपरा, 'नाही' म्हणायच्या आत उडणारी भुवई, सगळं त्यांना तोंडपाठ. आता म्हातारपणी ते जवळच्याच वृद्धाश्रमात राहत. चिमणी रोज जाऊन त्यांच्यासमोर बसे, आणि जगात काय चाललंय ते बाबांना तिच्या वाकड्या तोंडून कळे.

"अगं, तेच तर सांगतोय," डॉक्टर म्हणाले. "तुझं तोंड म्हणजे डॉक्टरांचं अक्षर. ते ज्याला वाचता येतं, त्याला छापील का वाचता येणार नाही? उलट त्यांचे डोळे कमी शिणतील."

"तुम्हाला कुणी सांगितलं, त्यांचे डोळे शिणतात म्हणून?"

"मग बाबांनाच विचारू की! ते नाही म्हणाले, तर विषय संपला."

विचारायला डॉक्टर एकटेच गेले. शास्त्रीय प्रश्नात घरच्यांचा दबाव नको, हे त्यांचं तत्त्व. उजेडाकडे तोंड करून, आपले निर्दोष ओठ नीट हलवत ते म्हणाले, "बाबा, चिमणीचं तोंड मी सरळ करतो. कायमचं. करू ना?"

बाबांनी त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि होकारार्थी मान हलवली. एकदा नाही, दोनदा.

ते ऐकून चिमणी बराच वेळ भांडं विसळत राहिली. भांडं केव्हाच स्वच्छ झालं होतं. "दोनदा?" तिने विचारलं.

"दोनदा."

"म्हणजे इतकी वर्षं त्यांना त्रासच होत होता," ती म्हणाली. "आणि मी आपली शहाणी, खुशाल बडबडत होते." मग हात पुसून म्हणाली, "टोचा."

तोंडाला पट्ट्या होत्या तोवर चिमणी बाबांकडे गेली नाही. त्या सुटल्या त्या दिवशी डॉक्टरांच्या संशोधन संस्थेतले सगळे जमले होते. चिमणीच्या चेहऱ्यावर खोट काढायला जागा नव्हती. डॉक्टरांनी मधोमध फुटपट्टी धरली. डावं उजव्यासारखं, उजवं डाव्यासारखं. टाळ्या पडल्या. बहिऱ्यांच्या शाळेतल्या बाईंनी काचेपलीकडून चिमणीचं बोलणं ओठांवरून वाचलं आणि एकही शब्द चुकवला नाही. "इतकं शुद्ध तोंड मी पाहिलं नव्हतं," त्या म्हणाल्या. डॉक्टर फुलून गेले. फक्त चिमणी पहिल्यांदा हसली तेव्हा त्यांना, का कोण जाणे, आपली ह्या हसणाऱ्या बाईंशी कुणीतरी ओळख करून द्यावी असं वाटून गेलं. हसू दोन्ही बाजूंनी एकदम उमटलं आणि एकदम मिटलं, दुकानाचं शटर पडावं तसं.

तिथून दोघं थेट बाबांकडे गेली. डॉक्टरांना बाबांचा आनंद स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा होता.

बाबा खिडकीशी बसले होते. डॉक्टर दाराशीच, त्यांच्या नजरेआड थांबले. चिमणी नेहमीच्या खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "बाबा, मी आले."

बाबांनी तिच्या तोंडाकडे निरखून बघितलं. मग अदबीने पाय आवरून घेतले.

"बसा, बसा," ते बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाले. "तुम्ही चिमणीच्या नात्यातल्या का? चेहरा थोडा तिच्यासारखा दिसतो."

डॉक्टर हसले. त्यांना वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. चिमणी हसली नाही. वडिलांनी तिला जन्मात पहिल्यांदा 'तुम्ही' म्हटलं होतं.

"बाबा, मीच! मीच चिमणी!" ती पुन्हापुन्हा बोलली, हळू बोलली, ओरडून बोलली. ते शुद्ध ओठ उघडत होते, मिटत होते. बाबा सोशिकपणे बघत राहिले.

तिने उशाशी पडलेलं औषधाचं खोकं घेतलं आणि पाठीमागे लिहिलं, मी चिमणी. बाबांनी वाचलं आणि हसून मान डोलावली. "कागदावर काय, कुणीही काहीही लिहील."

तिने खाली लिहिलं, तुम्ही वाचलेला माझा पहिला शब्द 'भूक'.

बाबांचे डोळे पाणावले. "हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं," ते म्हणाले. "तुम्हाला सांगितलं म्हणजे फारच जवळच्या दिसता. मग एक निरोप द्या तिला. कितीतरी दिवस झाले, पोरगी फिरकली नाही. बोलायला माणूस नाही हो मला. जावई येऊन गेला मध्ये. मोठा डॉक्टर आहे, स्वभावाने चांगला. पण त्याचं तोंड म्हणजे गुळगुळीत भिंत. लग्न झाल्यापासून तो बोललेलं एक अक्षर मला कळलेलं नाही. वाईट वाटू नये म्हणून मी आपली मान हलवतो. तेवढं मात्र चिमणीला सांगू नका, त्याला बोलेल ती."

खोलीत हातातून काही पडलं नाही, कुणी किंचाळलं नाही. चिमणीने फक्त मान वळवून नवऱ्याकडे बघितलं. तिच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी सारखंच येत होतं. ह्या चेहऱ्यावर राग आहे की दुःख, की आणखी काही ज्याला अजून नाव नाही, हे डॉक्टरांना वाचता येईना. आयुष्यभर चेहरे मोजलेला तो माणूस दाराशी गारठून उभा राहिला.

मग तिने दोन बोटं आधी चुकून उजव्या, मग डाव्या कोपऱ्यात घातली आणि तोंड ओढून धरलं. "बाबा," ती म्हणाली. ओठ बोटांखाली ताणला आणि बोटं काढताच जागच्या जागी परत आला. परिणाम उलटत नव्हता.

"दात दुखतोय का तुमचा?" बाबांनी काळजीने विचारलं.

तेव्हा डॉक्टर पुढे झाले. म्हाताऱ्यासमोर गुडघ्यांवर बसले, उजेडाकडे तोंड केलं आणि ओठ नीट हलवत म्हणाले, "बाबा, माझी चूक झाली. मी तिला पहिल्यासारखी करून देतो."

बाबांनी जावयाच्या तोंडाकडे बघितलं, प्रेमाने हसले, आणि मान हलवली. दोनदा.