संध्याकाळचे सहा ते आठ

गाडी शिकवतो म्हणून त्याला सगळे मास्तरच म्हणायचे. शिकणारे म्हणायचे, शेजारचे म्हणायचे आणि थट्टेच्या लहरीत असली की बायकोही म्हणायची. बारा वर्षं तो नवशिक्यांच्या शेजारच्या सीटवर बसत आला होता. पायाखाली स्वतःचा वेगळा ब्रेक असल्यामुळे भीती म्हणजे काय हे त्याला दुसऱ्यांच्या चेहऱ्यांवरूनच माहीत होतं. ती स्वतःला कशी वाटते, हे कळलं मुलगी झाल्यावर.

मुलगी दोन महिन्यांची होती. दिवसभर कशी शहाण्यासारखी असायची. दूध प्यायची, झोपायची, छताकडे बघत हात हलवायची. संध्याकाळचे सहा वाजले, की मात्र कुणीतरी कळ दाबल्यासारखी रडायला लागायची, ती थेट आठ-साडेआठपर्यंत. साधं रडणं नव्हे. चेहरा लालबुंद, मुठी आवळलेल्या, पाय पोटाशी घेतलेले. त्या आवाजाने खालच्या मजल्यावरचे आजोबा टीव्ही बंद करायचे, कारण त्यांना काही ऐकूच यायचं नाही. मास्तरने तिचं नाव भोंगा ठेवलं होतं. पहिल्या आठवड्यात बायको त्यावर हसली. नंतर हसायची बंद झाली.

डॉक्टरीणबाईंनी मुलीला उलटंपालटं करून तपासलं. पोट ठीक, कान ठीक, वजन छान वाढतंय. बऱ्याच बाळांचं असं होतं, म्हणाल्या, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात आपोआप ओसरेल. 'आपोआप' हा शब्द मास्तरला काही पचला नाही. त्याच्या धंद्यात आपोआप होतं ते एकच, चढावर थांबलेली गाडी मागे घरंगळते.

त्याने सगळं करून पाहिलं. खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घातल्या, पोटावर कोमट फडकं ठेवलं, पंखा लावला, पंखा बंद केला. एकदा तर तिला गाडीत घालून गल्लीला नऊ फेऱ्या मारल्या. काहीही केलं तरी ती रडायची, आणि रडताना त्याच्याकडे अशी बघायची की जणू हा सगळा प्रकार त्यानेच सुरू केलाय. असा एखादा तास गेला की त्याचे हात थरथरायचे, आणि मनात असं काही यायचं की त्याची त्यालाच लाज वाटायची. तो पोरीला बायकोच्या हातात द्यायचा आणि पाणी प्यायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात जाऊन नुसता उभा राहायचा.

मग त्याने एक युक्ती काढली. आजवर पाचला संपणारे क्लास त्याने आठपर्यंत लांबवले. लोक कामावरून सुटतात तेव्हाच त्यांना वेळ असतो, असं बायकोला सांगितलं. ते खरंही होतं, पण अर्धंच. दोघं आपणहून आले होते. बाकीच्या तिघांना त्याने स्वतः फोन करून, सकाळी रस्त्यावर फार गर्दी असते हो, असं पटवून संध्याकाळी वळवलं होतं. बायकोने फक्त मान डोलावली. ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची, सध्या रजेवर होती. माणूस अक्षर वाचतोय की अंदाजाने ठोकून देतोय हे तिला लगेच कळायचं.

आठला क्लास संपला तरी तो सरळ घरी जायचा नाही. गल्लीच्या कोपऱ्यावर गाडी लावायचा, काचा वर करायचा, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या घरातला आवाज थांबेपर्यंत आत बसून राहायचा.

संध्याकाळच्या त्या पाचांत एक बेकरीवाले काका होते. सत्तावन्न वर्षांचे, जाडजूड, हातावर भट्टीच्या जुन्या डागांची नक्षी. आयुष्यभर स्कूटर चालवली, पण आता काकूंच्या गुडघ्यांना मागच्या सीटवर चढवेना, म्हणून ते गाडी शिकत होते. रस्त्यावर बरे चालवायचे. गाडी दोन खुणांच्या मध्ये मागे घेऊन लावायची म्हटलं की मात्र घाम फुटायचा. तेरा क्लास झाले होते, आणि तेराही वेळा मागचं चाक खांबाला तरी भिडलं होतं नाहीतर खांबावर तरी चढलं होतं.

चौदाव्या दिवशी ते बंद गोदामामागच्या मैदानात सराव करत होते. मास्तरने प्लॅस्टिकचे चार खांब रोवले, शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "हळू घ्या. आरशात बघा. घाई नाही आपल्याला." मग डोळ्यांवर ऊन येत होतं म्हणून एक क्षण डोळे मिटले.

उघडले तेव्हा ऊन गेलं होतं. गाडी बंद होती, हँडब्रेक ओढलेला होता, आणि चारही खांब जागच्या जागी सरळ उभे होते. गाडी त्यांच्या अगदी मधोमध, पट्टीने आखल्यासारखी. काका स्टिअरिंगवर हात ठेवून शांत बसले होते.

मास्तर खडबडून सरळ बसला. डोळे मिटण्याच्या दहाच मिनिटं आधी तो याच माणसाबरोबर मोठ्या रस्त्यावरून आला होता. तो चाचरत माफी मागायला लागला. काकांनी हातानेच थांबवलं. पाऊण तास झोपलात, म्हणाले. मधे एकदा घोरलातसुद्धा.

"उठवायचं होतं मला."

"उठवणार होतो. पण म्हटलं, कुणी बघत नाहीये तोवर गाडी लावून बघावी. पहिल्याच फटक्यात लागली." काकांना त्याचं बरंच अप्रूप वाटलेलं दिसत होतं. मग त्यांनी मास्तरच्या खांद्याकडे बोट दाखवलं. शर्टावर दुधाचा वाळलेला डाग होता. "किती महिन्यांचं आहे?"

दोन, मास्तर म्हणाला. आणि मग, का कुणास ठाऊक, भडाभडा सगळं बोलून गेला. रडणं, थरथरणारे हात, वळवलेले क्लास, कोपऱ्यावर लावलेली गाडी. आपण सांगतोय ते कसं दिसतं हे त्याला सांगता सांगताच कळत होतं, पण थांबता येईना.

काका हसले नाहीत आणि उपदेशही केला नाही. त्यांचा थोरला लहान होता तेव्हाची गोष्ट त्यांनी सांगितली. भट्टी पहाटे तीनला पेटवायची, तर हे रात्री एक वाजताच घरातून निघायचे. बायकोला सांगायचे, पीठ फुगायला वेळ लागतो. आणि बेकरीत जाऊन मैद्याच्या पोत्यांवर गाढ झोपायचे. चार महिने असं चाललं. आज त्या मुलाला स्वतःची दोन मुलं आहेत, पण तो एवढासा असताना कसा होता हे विचारलं, तर काकांना काही म्हणजे काही आठवत नाही. पोती मात्र आठवतात.

"मला एक सांगा मास्तर," ते म्हणाले, "कशी आहे हो ती?"

"रडते."

"ते झालं. पण कशी रडते? एकदम सुरू करते की आधी काही करते? मान कुठल्या बाजूला वळवते? बघते कशाकडे?"

साठ दिवस मास्तर त्या मुलीबरोबर एका छपराखाली राहत होता. नवशिक्या माणूस गिअर बदलायच्या आधी खालचा ओठ चावतो की श्वास धरतो हे तो पहिल्या क्लासला सांगू शकायचा. आणि स्वतःच्या पोरीबद्दल त्याला एका प्रश्नाचं उत्तर येत नव्हतं. त्याला वाईट वाटलंच, पण त्याहून जास्त नवल वाटलं. खरंच, बघते कशाकडे ती?

त्या संध्याकाळचे पुढचे क्लास त्याने रद्द केले. काकांना गाडी चालवू न देता स्वतःच घरी सोडलं आणि सातच्या आत दारात हजर झाला. बायको भोंग्याला खांद्यावर घेऊन खिडकीशी उभी होती. केस विस्कटलेले, डोळे ओढलेले. त्याने चपला काढता काढताच खरं काय ते सांगून टाकलं. क्लास त्यानेच वळवले होते, आणि आठनंतरही तो घरी यायचं टाळत होता.

"माहितीये," ती म्हणाली.

"कसं?"

"कोपऱ्यावर उभी असते ना तुझी ती गाडी. वर एवढी मोठी पिवळी पाटी आहे, ड्रायव्हिंग स्कूल म्हणून. इथून दिसते." ती जराही आवाज न चढवता बोलत होती, आणि तेच जास्त लागत होतं. "मी रोज हिला घेऊन इथेच उभी राहायची. म्हणायची, बघ, बाबा आला. आता वर येईल."

त्याने हात पुढे केले. तिने लगेच काही मुलगी दिली नाही. थोडा वेळ त्याच्याकडे नुसती बघत राहिली, मग दिली. आणि पायात चपला सरकवून, मी जरा पाय मोकळे करून येते, एवढं म्हणून निघून गेली. गेल्या दोन महिन्यांत ती पहिल्यांदाच एकटी, मोकळ्या हातांनी जिना उतरत होती.

ती तासाभराने आली. तोवर भोंगा वाजतच होता. पण त्या तासात मास्तरने पोरीचं रडणं थांबावं म्हणून काही केलं नव्हतं. खुर्चीत बसून तिला मांडीवर घेतलं होतं आणि तो नुसता बघत होता. हात थरथरायला लागले तेव्हा तिला पाळण्यात ठेवून, दोन मिनिटं दारात उभं राहून, परत घेतलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून त्याने संध्याकाळचे क्लास परत सकाळी वळवले, आणि सहा ते आठ ही वेळ त्याची ठरली. बायको त्या वेळात फिरायला जायची, मैत्रिणीकडे जायची, कधी आतल्या खोलीत कानात कापूस घालून झोपायची. राग तिचा गेला नव्हता. आठवडाभर ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली. तो मात्र रोज तिला काहीतरी नवीन विचारायचा.

कारण आता त्याला छंदच जडला होता. त्याला कळलं, की मुलगी एकदम रडत नाही. आधी डाव्या हाताची बोटं फाकवते, मग हनुवटी थरथरते, आणि त्यानंतर तीनपर्यंत मोजावं इतकाच वेळ असतो. मान ती नेहमी उजवीकडे वळवते. रडण्यातही सूर दोन आहेत, आणि दुसरा लागला की श्वास घ्यायला थांबते, तेव्हा क्षणभर तिचे डोळे पूर्ण उघडे असतात. त्या क्षणी ती त्याच्या तोंडाकडे बघत नाही, कपाळाच्या वर कुठेतरी बघते. हे काय गौडबंगाल आहे, ते त्याने शेवटी बायकोला विचारलं.

तिला न राहवून हसू आलं. तुझे केस बघते, ती म्हणाली. एवढ्याशा बाळाला बारीकसारीक दिसत नाही, हातभर अंतरावर जिथे काळं आणि पांढरं एकमेकांना भिडतं ती कड तेवढी दिसते. तुझे काळे केस जिथे संपतात, तिथे तिच्यासाठी सगळी गंमत आहे. मग तिने दुकानातला काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा पुठ्ठा आणला आणि दोघं मिळून तो मुलीसमोर हळूहळू सरकवत बसले. मुलीची नजर त्याच्यामागे गेली, अडखळली, परत गेली. रडणं थांबलं का? नाही. पण त्या दिवशी जेवायला दोघं एकत्र बसले, आणि ती त्याच्याशी नेहमीसारखी बोलली.

काका परीक्षेत पास झाले. त्याच्या दुसऱ्या दिवशी काकूंना शेजारी बसवून, ताजे पाव घेऊन, मुलगी बघायला आले. गाडी मात्र चार घरं पुढे लावली होती, कारण तिथे जागा ऐसपैस होती.

साडेतीन महिने झाल्यावर एका बुधवारी सहा वाजले, सव्वासहा वाजले, आणि काहीच झालं नाही. मुलगी मांडीवर पडून स्वतःच्या मुठीकडे बघत होती. मास्तर टक लावून तिच्या डाव्या हाताच्या बोटांवर नजर ठेवून बसला. साडेसहाला त्याने बायकोला हाक मारली. तिने मुलीच्या कपाळाला हात लावून पाहिलं, तापमापी लावली. सगळं ठीक होतं. सातला खालचे आजोबा जिना चढून वर आले आणि बाळाला बरं आहे ना, असं काळजीने विचारून गेले.

त्या रिकाम्या संध्याकाळचं करायचं काय हे दोघांनाही कळेना. बायको तशीच बसल्या जागी झोपून गेली. मास्तर मुलीला घेऊन खिडकीशी गेला आणि त्याने आपल्या वडिलांना फोन लावला. वडील दुसऱ्या गावी असायचे. आयुष्यभर कुलुपं-किल्ल्यांचं दुकान चालवलेला, मोजकं बोलणारा माणूस. त्याने विचारलं, मी लहान असताना कसा होतो हो बाबा?

वडील म्हणाले, ते सगळं तुझ्या आईला माहीत, आणि फोन आईकडे दिला. आईने वजन, दात, ताप असं बरंच सांगितलं.

दहा मिनिटांनी फोन परत वाजला. वडीलच होते. आपणहून त्यांनी फोन केल्याचं मास्तरला तरी आठवत नव्हतं.

"माझा एक चौकड्यांचा शर्ट होता," ते म्हणाले. "हिरवा. तो घातला की तू रडायचास. दुसरा कुठलाही चालायचा. मी तीन-चारदा घालून बघितला. शेवटी देऊन टाकला एकाला." आणि फोन ठेवता ठेवता म्हणाले, "चांगला होता शर्ट."